मीटर हिरवा, तरी गिटारचा आवाज बिघडलेला: रेकॉर्डिंग करताना आकडे कधी पाहायचे आणि कान कधी वापरायचे?

मोबाइलवर गिटार रेकॉर्ड केली, सेटिंग्ज सगळी बरोबर होती, ॲपमधला मीटर हिरवाच होता, आणि तरीही ऐकल्यावर वाटलं, 'हा आपल्या गिटारचा आवाज नाहीच'. असं तुमचंही झालं असेल. माझं झालंय, आणि त्या चुकीमुळे एक गाणं कायमचं गेलं. म्हणून आज सेटिंग्जची नुसती यादी न देता तांत्रिक माहिती आणि तयार कान या दोन गोष्टींची जोडी कशी जमवायची ते सोप्या भाषेत बघू.

गोष्ट शहाद्याची

मी नंदुरबार जिल्ह्यातल्या शहाद्याचा. माझा एक मित्र धडगाव तालुक्यातला, पावरा समाजाचा. शहाद्यात कॉलेज करता करता तो अकूस्टिक गिटार शिकला. त्याची आई लग्नात म्हणतात ती पावरी बोलीतली गाणी फार छान गाते. मित्राच्या डोक्यात आलं की आईची गाणी गिटारवर बसवायची आणि नीट रेकॉर्ड करून ठेवायची. गावात आता लग्नाला डीजे येतो, ही गाणी म्हणणाऱ्या बायका कमी होत चालल्यात. आई दवाखान्याच्या कामाने शहाद्याला येणार होती, एक रात्र माझ्याकडे मुक्काम होता. म्हटलं, हीच संधी!

मी जय्यत तयारी केली. ओटीजी केबलने मोबाइलला यूएसबी माइक जोडला. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह फाइल. आवाजाचा सर्वात वरचा टप्पा उणे १२ डीबीच्या आसपास. मित्राला खोलीच्या बरोबर मध्यभागी बसवला, म्हणजे सगळ्या भिंती सारख्या अंतरावर. माइक गिटारच्या गोल भोकासमोर, कारण आवाज तिथूनच येतो ना! रेकॉर्डिंग झालं, मग ॲपमधलं 'नॉइज रिमूव्ह' बटण दाबलं. पंख्याची घरघर गायब. स्क्रीनवरची लाट अगदी पुस्तकातल्यासारखी दिसत होती. फाइल सेव्ह केली, त्याच नावाने. मूळ फाइलवर.

सकाळी मावशींना ऐकवलं. त्या पावरीत काहीतरी म्हणाल्या आणि मित्र हसायला लागला. मी विचारलं तर त्याने सांगितलं, "आई म्हणते, घरी याच्या तारा बोलून झाल्यावर जरा वेळ थांबतात. इथे लगेच मरतात. आणि मध्येच कोणीतरी माठात तोंड घालून बोलतंय असं का वाटतं?"

खरं सांगतो, मला राग आला. मी मीटर दाखवला, लाट दाखवली. मावशी काहीच बोलल्या नाहीत. दुपारच्या एसटीने त्या गेल्या. रात्री मी हेडफोन लावून शांतपणे ऐकलं, तर दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. सूर विझत जाताना कात्रीने कापल्यासारखा तुटत होता आणि गिटारची एक तार बाकीच्यांपेक्षा भसाभस घुमत होती.

त्या रात्री मावशींनी एका गाण्यात ऐनवेळी चार ओळी जोडल्या होत्या, माझ्या घरावर आणि माझ्या आईच्या चहावर. त्या ओळी त्यांना पुन्हा आठवल्या नाहीत. आणि मूळ फाइल मी स्वतःच पुसली होती.

आकड्यांनी मला काय सांगितलं नाही?

आधी माझे आकडे तपासू, कारण त्यात चूक नव्हती. ४८ किलोहर्ट्झ म्हणजे आवाजाचे सेकंदाला ४८,००० नमुने. माणसाला साधारण २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ ऐकू येतं, त्यासाठी हे पुरेसं आहे. २४ बिट म्हणजे हळू आणि मोठ्या आवाजात कागदावर १४४ डीबीचा फरक साठवता येतो, १६ बिटमध्ये ९६. म्हणून २४ बिटमध्ये आवाज थोडा हळू ठेवला तरी काही बिघडत नाही. उणे १२ डीबी ठेवला की अचानक जोरात वाजवलं तरी ० डीबीची हद्द ओलांडली जात नाही. एका मिनिटाची मोनो फाइल साधारण साडेआठ एमबीची होते, तेवढी जागा फोनमध्ये असते.

पण हे सगळे आकडे भांड्याबद्दल आहेत. भांडं स्वच्छ आहे, मोठं आहे, गळत नाही, एवढंच ते सांगतात. आत ओतलेली आमटी खारट आहे का, हे मीटर सांगत नाही. त्यासाठी चव घ्यावीच लागते.

आता 'माठा'कडे वळू. गिटारचं पोट आणि त्याचं भोक मिळून एक घागरच असते. बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की ती एका ठराविक सुरात घुमते, तसंच. मोठ्या आकाराच्या अकूस्टिक गिटारमध्ये हा सूर साधारण १०० हर्ट्झच्या आसपास असतो. माइक भोकासमोर धरला की ही घागर सगळ्यात जास्त ऐकू येते. शिवाय एका दिशेने ऐकणारा माइक जवळ नेला की खर्ज आपोआप फुगतो.

त्यात माझी खोली दहा बाय दहा फुटांची, सिमेंटच्या भिंती. दहा फूट म्हणजे ३.०५ मीटर. आवाज एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर जाऊन परत येतो तेव्हा ६.१ मीटर चालतो. आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३४३ मीटर. भागाकार करा, ५६ हर्ट्झ येतात. त्याची दुप्पट ११२. आणि गिटारची पाचवी तार, म्हणजे ए, किती हर्ट्झची? ११०! खोली त्या तारेला साथ देत होती. गंमत म्हणजे हा ११२ हर्ट्झचा फुगवटा भिंतीला लागून असतो तसाच खोलीच्या बरोबर मध्यभागीही असतो. मी मोठ्या हौशीने मित्राला तिथेच बसवला होता.

आणि 'मरणाऱ्या तारा'? नॉइज रिमूव्ह करणारी ॲप्स मुख्यतः बोलण्यासाठी बनवलेली असतात. सलग आणि हळू असेल तो आवाज त्यांना कचरा वाटतो. पंख्याची घरघर सलग आणि हळू असते, विझत जाणारी तारही तशीच. ॲपने दोन्ही झाडून टाकलं.

म्हणजे बघा, दोष सापडला कानाला, तेही मीटर म्हणजे काय हे माहीत नसलेल्या कानाला. पण तो का झाला आणि कुठे हात घालायचा, हे सांगितलं माहितीने.

मग फक्त कानावर चालेल का?

मित्र म्हणाला, "तुझं गणित राहू दे, आता मी लावतो." त्याने स्वतःचे इअरफोन घातले, वाजवत वाजवत माइक सरकवत गेला आणि 'माठ' पूर्ण गेला तिथे थांबला. मग मजा येईपर्यंत गेन वाढवला. त्याच्या इअरफोनमध्ये आवाज खरंच भारी वाटत होता.

तीच फाइल मोबाइलच्या स्पीकरवर लावली, तर पत्र्यावर तार घासल्यासारखी! कारण साधं होतं. त्याचे इअरफोन खर्ज वाढवून देणारे होते, बाजारात मिळणारे बरेच स्वस्त इअरफोन तसेच असतात. इअरफोन खर्ज घालत होते आणि तो माइकमधून खर्ज काढत होता. कान खरं बोलत होता, पण खोटं ऐकून बोलत होता.

दुसरी चूक गेनची. मोठा आवाज आपल्याला चांगला वाटतोच, हा सगळ्यांच्याच कानाचा स्वभाव आहे. एक डीबीचा फरक असला तरी 'हा टेक जास्त मोकळा आहे' असं वाटतं. त्या नादात जोरात वाजवलेल्या जागी लाटेची डोकी सपाट झाली. यालाच क्लिपिंग म्हणतात. एकदा छाटलेली लाट पुन्हा पहिल्यासारखी होत नाही. पोळी भाजल्यावर परत पीठ मिळत नाही, तसं. इथे मीटरकडे एक नजर टाकली असती तर काम झालं असतं.

मिरजेचे कारागीर काय करतात?

तुम्हाला वाटेल, ही काय नवीन भानगड. नवीन काही नाही. सांगली जिल्ह्यातल्या मिरजेत सतारी आणि तानपुरे पिढ्यान्‌पिढ्या बनतात, २०२४ मध्ये त्यांना भौगोलिक मानांकनही मिळालं. तिथला कारागीर तानपुऱ्याची जवारी लावतो, म्हणजे तारा ज्या घोडीवर टेकतात तिचा माथा किंचित उताराचा घासतो. मग तार आणि घोडीमध्ये सुताचा दोरा केसभर सरकवत जातो, आणि एका जागी तानपुरा एकदम 'उघडतो'. ती जागा कान सांगतो. पण घासायचं कुठे, उतार कोणत्या बाजूला द्यायचा, हे ज्ञान हातात आधीपासून असतं. नुसता कान असलेला माणूस घोडी घासायला बसला तर वाया घालवेल.

जुन्या ध्वनिमुद्रणातही हेच होतं. १९०२ मध्ये कोलकात्यात गौहर जान यांचं गाणं रेकॉर्ड झालं तेव्हा त्यात वीज किंवा माइक नव्हता, एका कर्ण्यात तोंड करून गायचं. आवाज कमी-जास्त करायचा तर गाणाऱ्यालाच पुढे-मागे करावं लागे. विजेवरचं रेकॉर्डिंग १९२५ पासून सुरू झालं. म्हणजे अंतर हे सगळ्यात जुनं बटण आहे, आणि ते आजही फुकट आहे.

चला तर मग, आता करून बघू

आमची तिसरी खेप होळीच्या आधी, मित्राच्या गावी झाली. त्यात जे जमलं, ते टप्प्याटप्प्याने सांगतो.

१. फोनची ढवळाढवळ बंद करा. रेकॉर्डर ॲपमध्ये नॉइज सप्रेशन, ऑटो गेन, 'एन्हान्स' असं काही असेल तर बंद ठेवा. अँड्रॉइड ७.० पासून प्रक्रिया न केलेला आवाज घेण्याची सोय सिस्टीममध्ये आहे. सगळे फोन ती देत नाहीत, पण ॲपमध्ये 'रॉ' किंवा 'अनप्रोसेस्ड' दिसलं तर तेच निवडा. आयफोनवर व्हॉइस मेमोजच्या सेटिंगमध्ये ऑडिओ क्वालिटी 'लॉसलेस' करा.

२. सगळ्यात जोरात वाजवून लेव्हल लावा. हळू वाजवून लावू नका. गाण्यात सगळ्यात जोराचा भाग असेल तो वाजवा आणि मीटर उणे १२ च्या आसपास ठेवा. हे झालं की मीटरकडे बघणं बंद. त्याचं काम संपलं.

३. माइकची जागा: सुरुवात माहितीने, शेवट कानाने. बहुतेक गिटारची मान चौदाव्या फ्रेटपाशी पोटाला मिळते. माइक बाराव्या-चौदाव्या फ्रेटकडे तोंड करून एक वीत अंतरावर ठेवा. ही फक्त सुरुवात आहे. आता एक कान बोटाने बंद करा आणि मित्र वाजवत असताना दुसरा कान माइकच्या जागी नेऊन हळूहळू डोकं हलवा. घोडीकडे गेलात की लाकूड ऐकू येईल, मानेकडे गेलात की तार. आवडेल त्या जागी माइक आणा. एक कान बंद का? माइकलाही एकच कान असतो.

४. अंतर म्हणजे खोली. अंतर दुप्पट केलं की गिटारचा थेट आवाज साधारण ६ डीबीने कमी होतो, खोलीचा मात्र जवळपास तेवढाच राहतो. म्हणून खोली चांगली असेल तर दोन विती लांब जा, वाईट असेल तर जवळ राहा.

५. खोलीच्या मध्ये बसू नका. दहा फुटी खोलीत भिंतीपासून अडीच-तीन फुटांवर बसून बघा, तिथे तो ११२ हर्ट्झचा फुगवटा सगळ्यात कमी असतो. गोधड्या लटकवल्या तर खणखणाट कमी होतो, पण घुमणारा खर्ज गोधडीला दाद देत नाही. त्याला जागा बदलणं हाच उपाय. तुमची खोली वेगळ्या मापाची असेल तर वरचं गणित तुमच्या फुटांवर करा.

६. तुलना डोळे झाकून करा. दोन टेक असतील तर आधी दोघांचा आवाज सारखा करा. मग दुसऱ्याला लावायला सांगा, कोणता कुठला ते न सांगता. कोणत्या टेकसाठी किती मेहनत घेतली हे माहीत असलं की आपण त्याचीच बाजू घेतो.

७. तीन ठिकाणी ऐका. इअरफोन, मोबाइलचा स्पीकर आणि एखादा ब्लूटूथ स्पीकर. गिटारची सगळ्यात जाड तार ८२ हर्ट्झची, मोबाइलचा चिमुकला स्पीकर तो सूर जवळपास देतच नाही. तरी आपल्याला ती तार ऐकू येते, कारण वरच्या सुरांवरून मेंदू खालचा सूर स्वतः भरून काढतो. तिथेही ती तार कळली तर समजा, जमलं.

८. मूळ फाइल कधीच पुसू नका. जे काही करायचं ते कॉपीवर. मित्राला पाठवायची असेल तर व्हॉट्सॲपवर व्हॉइस मेसेज म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे आवाज दाबला जात नाही.

कान तयार कसा होतो?

'माझा कान काही तयार नाही' असं म्हणू नका. भाजी चिरताना सुरीला धार नाही हे तुमच्या आईला आवाजावरून कळतं, बाइकचं काय बिघडलंय ते मेकॅनिकला. कान सरावाने तयार होतो.

मी रोज दहा मिनिटं असं करतो. आवडतं गिटारचं गाणं लावायचं आणि इक्वलायझरमध्ये एकेक पट्टी वाढवून बघायची. प्रत्येक पट्टीला मी आपलं नाव दिलंय. १०० हर्ट्झ म्हणजे माठ, हे नाव मावशींचंच. २५० ते ३०० म्हणजे गढूळ पाणी. १,००० च्या आसपास म्हणजे डबा. ४,००० म्हणजे पत्रा. १०,००० म्हणजे चकाकी. आठवड्याभराने मित्राला पट्टी वाढवायला सांगा आणि न बघता ओळखा. पहिल्यांदा चुकाल, मग चुका कमी होत जातील. नावं तुम्ही तुमची ठेवा. नाव असलं की कानाला ती गोष्ट सापडते, आणि आकडा माहीत असला की हाताला.

एक मात्र लक्षात ठेवा, थकलेला कान फसवतो. तासभर ऐकलं की दहा मिनिटं बाहेर फिरून या. आणि जागतिक आरोग्य संघटनेने सुरक्षित ऐकण्यासाठी सांगितलेली मर्यादा आहे ८० डीबी, आठवड्याला ४० तास. आवाज जितका जास्त, तितका हा वेळ झपाट्याने कमी होतो. लग्नात डीजेच्या भिंतीसमोर नाचून आल्यावर त्याच रात्री रेकॉर्डिंग ऐकून निर्णय घेऊ नका.

तिसरी खेप

मित्राचं घर कौलारू, कुडाच्या भिंतींचं, म्हणजे बांबूच्या कामट्यांवर माती-शेणाचा लेप. शहाद्याच्या स्लॅबच्या घरापुढे मला ते रेकॉर्डिंगसाठी कच्चं वाटलं होतं. पहिली तार छेडली आणि मी गप्प झालो. 'माठ' नव्हताच. कारण नंतर लक्षात आलं. कुडाची भिंत हलकी असते, खर्ज तिच्यातून बाहेर निघून जातो, सिमेंटसारखा परत फिरत नाही. वर छप्पर उतरतं, त्यामुळे जमीन आणि छतामध्येही आवाज अडकत नाही. कोपऱ्यात धान्याच्या कणग्या होत्या, त्यांनीही आपलं काम केलं. मावशी 'घरी' म्हणाल्या होत्या, ते नुसतं कौतुक नव्हतं तर अचूक निरीक्षण होतं.

लेव्हल मी लावली, जागा मित्राच्या आणि माझ्या कानाने ठरली. एक वीत, चौदाव्या फ्रेटपासून किंचित पोटाकडे. रात्री नऊला लाइट गेली आणि शेजारचा टीव्ही, पंखा सगळं एकदम बंद झालं. बॅटरी ६४ टक्के होती, तेवढी पुरली. प्रत्येक टेक मावशींना ऐकवला. दुसऱ्याला त्यांनी मान हलवली नाही, चौथ्याला हलवली.

त्या टेकमध्ये मागे रातकिडे आहेत. मी ते काढणार होतो. पण रातकिड्यांचा आवाज साधारण ४ ते ५ किलोहर्ट्झचा, आणि गिटारच्या तारेला नख लागतं तो 'टिक' आवाजही त्याच पट्ट्यात. एक काढला की दुसरा जातो. माहिती एवढंच सांगते की काय गमवाल. ठेवायचं की काढायचं, ते मावशींना विचारलं. त्या म्हणाल्या, रात्र आहे, रातकिडे असणारच. ठेवले.

तुम्ही आज रात्री एवढंच करा. खोली फुटांत मोजा, वरचा भागाकार करून बघा, मग डोळे मिटून एकेक तार छेडा आणि कोणती तार जास्त घुमते ते ऐका. उत्तर जुळलं तर ठीक, नाही जुळलं तर आणखी चांगलं. मग दोन पावलं सरका आणि पुन्हा ऐका.